मांचू नवा करार आणि हरवलेला वाचक : एक समीक्षण

१८३५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नव्या कराराची एक सुबक आवृत्ती छापून पूर्ण झाली. भाग आठ, प्रती एक हजार, भाषा मांचू. भाषांतरकार रशियन, छपाईवर देखरेख करणारा इंग्रज, खर्च लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीचा. आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, तो वाचक हजारो कोस दूर चीनच्या साम्राज्यात. मिशनकार्याच्या इतिहासात ह्या ग्रंथाचा उल्लेख बहुधा कौतुकाने होतो. त्यामागची चिकाटी पाहता ते कौतुक अस्थानी नाही. परंतु कौतुक म्हणजे समीक्षण नव्हे.

भाषांतराचे परीक्षण करताना आपण सहसा दोन प्रश्न विचारतो. भाषांतर मूळाशी इमान राखते काय? आणि ज्या भाषेत ते केले तिच्याशी इमान राखते काय? मांचू नवा करार आपल्याला तिसरा प्रश्न विचारावयास लावतो. ज्या दिवशी हे पुस्तक हाती पडले, त्या दिवशी ही भाषा कोणाच्या घरात बोलली जात होती? ह्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर आधी मांचू भाषेचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

भाषेची घडण

मांचू ही तुंगूस भाषाकुळातील भाषा. सैबेरियातील एवेंकी, आमूर नदीकाठची नानाई ह्या तिच्या दूरच्या बहिणी होत. ज्यांनी १११५ ते १२३४ ह्या काळात उत्तर चीनवर चिन राजवंश म्हणून राज्य केले, त्या जुर्चेन लोकांच्या भाषेशी तिचे थेट नाते आहे. जुर्चेनांना स्वतःची लिपी होती. पण ती काळाच्या ओघात विसरली गेली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नुरहाची ह्या टोळीनायकाने विखुरलेल्या जमाती एकत्र आणल्या, तेव्हा त्यांचा सर्व पत्रव्यवहार मंगोल भाषेत चाले.

१५९९ साली नुरहाचीने एर्देनी आणि गागाई ह्या दोन विद्वानांना मंगोल अक्षरांनी आपलीच भाषा लिहिण्याची आज्ञा केली. हे कठीण आहे, असे त्यांनी सांगितले. त्यावर त्याने मांडलेला मुद्दा राजकीय बखरीत नोंदलेला आहे. चिनी मजकूर मोठ्याने वाचला तर निरक्षर चिनी माणसालाही तो कळतो. मंगोल मजकूर मंगोलाला कळतो. आमचा मजकूर मात्र आमच्याच माणसाला परक्या भाषेत ऐकावा लागतो, हे कसे? ह्या प्रश्नात मोठे शहाणपण आहे. नुरहाचीने लिपीची कसोटी डोळ्यांवर न ठेवता कानावर ठेवली. जे वाचून दाखविले असता अडाण्यालाही उमगते, तेच खरे स्वभाषेतले लिखाण. वेदीवरून शास्त्रपाठ वाचणाऱ्याने ही कसोटी विसरू नये.

१६३२ साली दाहाई ह्या विद्वानाने अक्षरांना टिंबे आणि वर्तुळे जोडून लिपीतील संदिग्धता दूर केली. वरून खाली उतरणाऱ्या ओळी आणि डावीकडून उजवीकडे सरकणारे स्तंभ, असे तिचे रूप आहे. १६३५ साली हुंगतायचीने आपल्या लोकांना ‘मांचू’ हे नाव दिले; १६३६ साली राजवंशाला ‘छिंग’ हे नाव मिळाले; आणि १६४४ साली मांचू सैन्य पेकिंगमध्ये शिरले. अर्धशतकापूर्वी जिला अक्षर नव्हते, ती भाषा एका महासाम्राज्याची राजभाषा झाली.

मराठी वाचकाला ह्या भाषेची रचना फारशी परकी वाटू नये. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात. नामांना लिंग नाही. परंतु काही जोड्यांत स्वरानेच भेद दाखविला जातो : ‘आमा’ म्हणजे बाप, ‘एमे’ म्हणजे आई. ‘हाहा’ पुरुष, ‘हेहे’ स्त्री. चिनी चित्राक्षरांपुढे हतबल झालेल्या युरोपीय विद्वानाला ही वर्णांची, प्रत्ययांची आणि स्पष्ट व्याकरणाची भाषा दिलासा देणारी वाटली. येथेच आपल्या कथेत धर्मगुरूंचा प्रवेश होतो.

दरबारातील भाषा आणि येशूसंघीय

बेल्जियमचे फादर फेर्बीस्ट हे कांग्शी बादशहाचे ज्योतिष व गणिताचे शिक्षक. त्यांनी मांचू आत्मसात केली. १६८८ साली पेकिंगला पोहोचलेले फ्रेंच फादर बूवे आणि फादर झेर्बियों ह्यांनी बादशहाला भूमिती शिकविली ती मांचू भाषेतून. पुढे फादर पारेनें ह्यांनी त्याच बादशहासाठी शरीरशास्त्रावरील ग्रंथ मांचूत उतरविला. १६८९ साली रशियाशी नेर्चिन्स्कचा तह झाला, तेव्हा दुभाष्याचे काम फादर झेर्बियों आणि गोवामार्गे चीनला गेलेले पोर्तुगीज फादर तोमास परेरा ह्यांनी केले. त्या तहाच्या प्रती लॅटिन, रशियन आणि मांचू अशा तीन भाषांत होत्या. चिनी भाषेला तेथे स्थान नव्हते. पूर्वज आणि कन्फ्यूशियस ह्यांच्या सन्मानविधींचा वाद पेटला तेव्हा, १७०० साली, येशूसंघीयांनी त्या विधींच्या अर्थाविषयी बादशहाकडे जो अर्ज केला तोही मांचूत होता.

ह्या सर्व कार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. मांचू ही त्यांच्या हातातील किल्ली होती आणि ती ज्या दाराला लागत होती ते दार राजवाड्याचे होते. बादशहाच्या कानापर्यंत पोहोचावयाचे तर त्याच्या भाषेत बोलावे, हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण ज्या भाषेची निवड तिच्या बोलणाऱ्यांवरील प्रेमापेक्षा तिच्या सत्तेमुळे होते, तिची सत्ता ओसरली की निवडीचे कारणही ओसरते.

तरीही त्या प्रयत्नातून एक ख्रिस्ती मांचू परिभाषा निर्माण झाली, आणि ती अभ्यासनीय आहे. परमेश्वराला ‘आब्काई एजेन’ हा शब्द योजला गेला. ‘आब्का’ म्हणजे आकाश किंवा स्वर्ग, ‘एजेन’ म्हणजे धनी. चिनी ‘थ्येनचू’ ह्या रूढ कॅथलिक संज्ञेचे हे शब्दशः रूपांतर. परंतु चिनी शब्दात नसलेली एक धार मांचू शब्दात आहे. मांचू सरदार बादशहालाच ‘एजेन’ म्हणत आणि त्याच्यापुढे स्वतःला ‘आहा’, म्हणजे गुलाम, म्हणवीत. त्या कानांना ‘आब्काई एजेन’ हा शब्द कसा लागला असेल? पृथ्वीवरील धन्याच्या वर आणखी एक धनी आहे, अशी घोषणाच त्यात होती. त्यातच बादशहाला ‘आब्काई जुई’, म्हणजे स्वर्गाचा पुत्र, म्हणण्याची रीत. त्यामुळे ख्रिस्ताच्या पुत्रत्वाविषयी बोलताना शब्द किती जपून वापरावा लागला असेल ह्याची कल्पना यावी. राजघराण्यातील सुनू ह्यांच्या कुटुंबात अनेकांनी बाप्तिस्मा घेतला. १७२४ साली योंगचेंग बादशहाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली, त्याच वर्षी हे कुटुंब हद्दपार झाले आणि त्यांतील काहींनी बंदिवासात प्राण ठेवले. त्यांच्या छळामागे गादीच्या वारशाचे राजकारणही होते, हे मान्य केले तरी दोन धन्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे केवळ शब्दकोशातला नव्हता.

दुसरा शब्द ‘एंदुरी’. मांचू ओझे, ज्यांना ‘सामान’ म्हणत, ज्या देवतांना आणि आत्म्यांना आवाहन करीत त्यांना एंदुरी म्हणत. त्यापासून झालेला ‘एंदुरिंगे’ म्हणजे पवित्र. ख्रिस्ती लेखनात पवित्र आत्म्यासाठी ह्याच शब्दांची जोडी वापरली गेली. हा धोका होता काय? होता. पण जिवंत भाषेतला शब्द घेतल्याशिवाय भाषांतर घडत नाही. आपल्या फादर स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे योजला, तेव्हा त्यांनीही हाच धोका पत्करला होता. रुळलेला शब्द उचलून त्यात नवा आशय भरणे ह्या कसोटीवर मांचू भाषांतरकार उणे पडत नाहीत.

दोन भाषांतरे

बायबलचे पहिले मोठे मांचू भाषांतर फादर लुई द पुआरो ह्यांनी केले. १७७३ साली येशूसंघ विसर्जित झाला, तेव्हा ते पेकिंगमध्ये होते आणि १८१३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. संघ नाही, नवे सहकारी येण्याची आशा नाही, अशा स्थितीत त्यांनी लॅटिन व्हल्गेटवरून बायबलच्या बहुतांश ग्रंथांचे चिनी बोलभाषेत आणि मांचूतही भाषांतर केले. रोमने त्यांच्या उत्साहाची प्रशंसा केली, पण प्रकाशनाची अनुज्ञा दिली नाही. १८०५ साली च्याचिंग बादशहाने ख्रिस्ती पुस्तकांविरुद्ध कडक धोरण अवलंबिले, तेव्हा पेकिंगमध्ये छापण्याचा मार्गही बंद झाला. हस्तलिखिते राहिली. चिनी भाषांतर छापील स्वरूपात वाचकांसमोर यावयास २०१४ साल उजाडावे लागले.

फादर पुआरो ह्यांची खरी दूरदृष्टी त्यांच्या चिनी भाषांतरात दिसते. विद्वानांच्या अभिजात चिनीऐवजी त्यांनी पेकिंगच्या रस्त्यावरची बोली निवडली. त्या बोलीलाच पुढे शतकभराने राष्ट्रभाषेचे स्थान मिळाले. एकाच माणसाच्या मेजावर एकाच काळात उगवती आणि मावळती अशा दोन्ही भाषा होत्या, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

दुसरे भाषांतर स्तेपान लिपोव्त्सोव ह्यांचे. ते रशियन मिशनबरोबर १७९४ ते १८०८ पर्यंत पेकिंगमध्ये होते. त्यांनी केलेले मत्तयकृत शुभवर्तमान १८२२ साली छापले गेले. पूर्ण नव्या कराराच्या छपाईसाठी बायबल सोसायटीने १८३३ साली जॉर्ज बॉरो ह्यांना सेंट पीटर्सबर्गला पाठविले. लेखक म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या ह्या तरुणाने काही महिन्यांतच मांचू शिकून घेतली होती. ज्यांना ह्या लिपीचे एक अक्षरही ठाऊक नाही अशा जुळाऱ्यांकडून त्याने खिळे जुळवून घेतले आणि दोन वर्षांत काम तडीस नेले. रशियाच्या सरहद्दीवरील क्याख्ता मार्गे हे ग्रंथ स्वतः चीनमध्ये नेण्याची त्याची इच्छा होती. परंतु चीनशी चाललेला व्यापार धोक्यात येईल ह्या भीतीने रशियन शासनाने परवानगी नाकारली. बहुतेक प्रती लंडनला गेल्या.

ज्या वर्गासाठी हा ग्रंथ केला, त्या पेकिंगच्या मांचूंपैकी पुष्कळांच्या जिभेवर तोपर्यंत चिनी भाषा बसली होती. मांचू ही त्यांची कचेरीची, परीक्षेची आणि शिलालेखांची भाषा उरली होती. लिपोव्त्सोव आणि बॉरो ह्यांच्या निष्ठेत उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीत आणि कदाचित कल्पनेतही. राजा ज्या भाषेचा अभिमान बाळगतो, ती प्रजा बोलत असलीच पाहिजे, असे दुरून पाहणाऱ्याला वाटते. ग्रंथ वाचकाच्या दाराशी पोहोचला नाही हे दुर्दैव. पण पोहोचला असता तरी दार उघडणारे हात थोडेच होते.

ऱ्हास कशामुळे?

मांचू भाषेच्या ऱ्हासाचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते : मूठभर मांचू चिनी महासागरात विरघळले. हे खरे आहे, पण अपुरे आहे. मूठभर असणे हेच मरणाचे कारण असते तर जगातल्या कितीतरी लहान भाषा आज उरल्याच नसत्या.

मांचूला राज्याश्रयाची कमतरता कधीच नव्हती. १७०८ साली कांग्शीच्या आज्ञेने मोठा कोश सिद्ध झाला. छ्येनलुंगने त्याची वाढीव आवृत्ती करविली आणि उसन्या चिनी शब्दांच्या जागी नवे मांचू शब्द घडविले. मांचू, तिबेटी, मंगोल, उइगुर आणि चिनी अशा पाच भाषांचा, सुमारे १८,००० शब्दांचा कोश त्याच्याच काळातला. भाषांतराच्या स्वतंत्र सरकारी परीक्षा होत्या. मातृभाषा विसरणाऱ्या अधिकाऱ्यांना बादशहा वारंवार फटकारीत असे.

ह्या सर्वांत आपल्याला सर्वाधिक अंतर्मुख करणारी नोंद १७४७ सालची आहे. त्या वर्षी छ्येनलुंगने मांचूंच्या पारंपरिक पूजाविधींचे पुस्तक संकलित करण्याची आज्ञा दिली. कारण असे, की पूर्वीचे सामान जन्मापासून मांचू बोलत आणि प्रसंगानुरूप प्रार्थना रचीत. नंतरच्यांना भाषा शिकून घ्यावी लागे. ते ऐकलेले शब्द पाठ म्हणत, आणि तोंडोतोंडी शब्द बदलून अर्थ नाहीसा होत चालला होता. बादशहाने शुद्ध पाठ ठरवून लिहून ठेवला. शब्द वाचले. परंतु ज्या मुखातून ते सहज उमटत, ते मुख त्याला परत आणता आले नाही. विधी घोकंपट्टीवर आला की त्याला पुस्तकाचा आधार लागतो, हा क्रम आपण धर्मगुरूंनी नीट पाहून ठेवावा.

मग भाषा गेली कोठे? ती स्वयंपाकघरातून, दायांच्या मांडीवरून, बाजारातून गेली. पेकिंगच्या मांचू घरांत चाकर चिनी बोलत, शेजार चिनी, नाटक चिनी, विनोद चिनी. मुलगा मांचू शिके ती नोकरीच्या आशेने. १९१२ साली छिंग राजवट संपली आणि नोकरीही संपली. शेवटचा बादशहा पूई ह्याने आत्मचरित्रात कबूल केले आहे, की मांचूचा त्याचा अभ्यास सर्वांत कच्चा होता आणि त्याला एकच शब्द आला : ‘इली’, म्हणजे ‘ऊठ’. गुडघे टेकलेल्या सरदाराला तेवढे म्हणावे लागे. साम्राज्याच्या भाषेतून शेवटी आज्ञार्थी क्रियापद तेवढे उरले.

येथे गोव्याचे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर ह्याने फर्मान काढले, की तीन वर्षांच्या आत लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. फर्मान निघाले, कोंकणी राहिली, कारण आईने मुलाशी बोलणे थांबविले नाही. पेकिंगमध्ये त्याच्या उलट फर्मान होते : आपली भाषा सोडू नका. तेथेही फर्मान राहिले आणि भाषा गेली. एका राजाज्ञेला भाषा मारता आली नाही, दुसरीला ती जगविता आली नाही. दोन्हीकडे निकाल लागला तो चुलीपाशी.

ह्या निष्कर्षाला सिबे लोकांच्या इतिहासाने पुष्टी मिळते. १७६४ साली छ्येनलुंगने एक हजाराहून अधिक सिबे सैनिकांना कुटुंबकबिल्यासह पूर्वेकडील शन्यांगहून पश्चिम सरहद्दीवरील इली खोऱ्यात वसविले. मांचूची अगदी निकटची अशी त्यांची भाषा. लिपीही तीच, थोड्या फरकाने. दरबारापासून दूर, स्वतःच्या वस्तीत, शेती आणि पहारा करीत ते आपली भाषा बोलत राहिले. आज छापछाल येथे त्या भाषेतील वर्तमानपत्र निघते. तेथेही शाळा आणि नोकरी चिनीकडे ओढीत आहेत. परंतु अडीचशे वर्षे जे टिकले ते घरामुळे टिकले. उलट मूळ मांचू भूमीत, हैलुंग्च्यांग प्रांतातील सान्च्यात्झ ह्या खेड्यात, २००७ साली ही भाषा नीट बोलणारे अठराच्या आसपास वृद्ध उरल्याचे वृत्त होते. स्वतःला मांचू म्हणविणाऱ्यांची संख्या मात्र एक कोटीहून अधिक आहे. वंश उरतो, अभिमानही उरतो. भाषा त्यांच्यामागून आपोआप येत नाही.

पेकिंगच्या पुराभिलेखागारात सुमारे वीस लाख मांचू कागद आहेत आणि ते वाचू शकणारे थोडे आहेत. ज्याने पुण्याचे किंवा तंजावरचे मोडी रुमाल पाहिले आहेत, त्याला ही अवस्था समजावून सांगावी लागू नये.

आपल्यापुरते

मग मांचू नव्या कराराविषयी अंतिम मत काय द्यावे? भाषांतर म्हणून ते आदरास पात्र आहे. प्रेषितकार्य म्हणून ते उशिरा आले आणि चुकीच्या पत्त्यावर पाठविले गेले. तरी ते व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. एखाद्या भाषेत देवाचा शब्द एकदा उच्चारला गेला, ही गोष्ट ती भाषा मेली तरी पुसली जात नाही. फादर पुआरो ह्यांनी छापले जाण्याची आशा नसताना ओळीमागून ओळ लिहिली, ते एक प्रकारचे प्रार्थनाकार्यच होते. परंतु त्यांच्या भक्तीचा हवाला देऊन आपल्याला आपली चूक झाकता येणार नाही.

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या मंडळ्यांत मराठी उपासना आहे, मराठी गीते आहेत, मराठी बायबल कपाटात आहे. माझ्या धर्मवर्गातील मुले ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अस्खलित म्हणतात. वर्ग सुटला की अंगणात त्यांचे भांडण हिंदीत सुरू होते. ज्या भाषेत मूल भांडते ती त्याची भाषा. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. हिंदीतूनही देव ऐकतो. पण मला दोनपैकी एक प्रामाणिकपणे करावे लागेल. मराठी राखावयाची असेल तर तिला वेदीवरून उतरवून घरी पाठवावे लागेल : आईबापांनी तिच्यात गोष्ट सांगावी, रागवावे, हसावे. तसे होणार नसेल, तर त्या मुलाला त्याला कळणाऱ्या भाषेत शुभवर्तमान मिळण्याचा हक्क आहे, आणि माझ्या अभिमानासाठी मी तो अडवून धरता कामा नये.

तिसरा मार्ग छ्येनलुंगचा आहे : शुद्ध पाठ छापावा, फर्मान काढावे आणि अर्थ हरवलेले शब्द बिनचूक म्हणवून घ्यावेत. तो मार्ग कोठे जातो, हे आपण पाहिले. पुढच्या रविवारी शास्त्रपाठ संपल्यावर धर्मशिक्षकांनी एका मुलाला जवळ बोलावून एवढेच विचारावे : आता जे वाचले ते तुझ्या शब्दांत सांग. तो कोणत्या भाषेत सांगतो, हे शांतपणे ऐकावे. आपले भाषांतर कोणासाठी आहे, ह्याचे उत्तर तेथे मिळेल.